जुने घर उतरवताना: साग, दगड, विटा, कौले पुन्हा कामी आणण्याची रीत

जुने घर पाडायचे ठरले की ठेकेदार येतो, घराभोवती फेरी मारतो, माळ्यावर डोकावतो, दोन खांब नखाने खरवडून बघतो आणि एक रक्कम सांगतो. "एवढे तुम्हाला देतो, जागा मोकळी करून देतो." मालकाला वाटते, पाडण्याचा खर्च वाचला आणि वर पैसे मिळाले. त्या एका फेरीत ठेकेदाराने सागवान, लोखंड, घडीव दगड, दारे-खिडक्या यांचा हिशेब मनात पक्का केलेला असतो. मालकाने तो कधीच केलेला नसतो. मग चांगले लाकूड बाजारात जाते, बाकीचे घर पोकलेनखाली चुरडले जाते आणि तो राडारोडा ओढ्यात नाहीतर टेकडीच्या उतारावर पडतो. त्याच जागेवरच्या नव्या बांधकामासाठी पुन्हा दुसरी टेकडी फोडली जाते.

पुण्याच्या पेठांतले वाडे, वाई-साताऱ्याची दगडी जोत्याची घरे, कोकणातली चिऱ्याची कौलारू घरे, सगळीकडे हेच चालू आहे, आणि त्यातले बरेच नुकसान टाळता येण्यासारखे आहे. घरातले साहित्य पुन्हा वापरले जाणार की नाही, हे पहिला घण पडण्याआधीच ठरते: मालकाने केलेली यादी, ठेकेदाराशी केलेला करार आणि नव्या घराचा आराखडा, या तीन कागदांवर. पुढची सगळी कामे याच क्रमाने सांगतो. आरसीसी इमारतीत राहणाऱ्या सोसायटीच्या सभासदांसाठी शेवटी वेगळा भाग आहे.

पहिले काम: खोलीवार यादी

टेप, वही, मोबाइलचा कॅमेरा, एक हातोडी आणि एक टोकदार स्क्रू-ड्रायव्हर एवढे पुरते. सोबत घर बघितलेला जुना सुतार असेल तर सोन्याहून पिवळे. प्रत्येक खोलीला क्रमांक द्या आणि वरून खाली या: कौले, रिपा (कौलांखालच्या पट्ट्या), वासे, कैची (छपराचा तिकोनी सांगाडा), मग कडीपाट (कड्या-फळ्यांचे लाकडी छत), तुळया, खांब, दारे, खिडक्या, कोनाडे, फरशी, शेवटी जोत्याचा दगड.

लाकूड घनफुटात मोजतात. रुंदी इंचांत, जाडी इंचांत, लांबी फुटांत घ्या, तिघांचा गुणाकार करा आणि १४४ ने भागा. ८ इंच रुंद, ६ इंच जाड आणि १२ फूट लांब तुळई म्हणजे ४ घनफूट. पण यादीत उपयोगी लांबीही वेगळी लिहा. तुळईची दोन्ही टोके भिंतीत असतात, तिथे ओल धरते आणि लाकूड सर्वांत आधी तिथे कुजते. दोन्हीकडची नऊ-नऊ इंच छाटावी लागली तर हीच तुळई साडेदहा फूट आणि साडेतीन घनफूट उरते. बारा फुटांची समजून नव्या खोलीचे माप ठरवले की सगळे फसते.

प्रत्येक नगाचा फोटो काढा आणि त्याला खूण द्या. पत्र्याचा छोटा बिल्ला न दिसणाऱ्या बाजूला खिळ्याने ठोकावा. खडूची खूण पहिल्याच पावसात जाते. नक्षीचे खांब, हस्त (खांबाच्या डोक्याशी तुळईला आधार देणारे लाकडी तुकडे), कमानी पुन्हा तशाच उभ्या करायच्या असतील तर कोणता नग कशाला जोडलेला होता याचे रेखाचित्रही हवे. पुण्यात हे नवे नाही. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष राजा दिनकर केळकर संग्रहालयात आणून पुन्हा उभे केलेले आहेत. ज्यांना लाकडी सांगाडा सोडवून दुसरीकडे जोडता येतो याची शंका आहे त्यांनी ते दालन जाऊन बघावे.

दुसरे काम: परवानग्या आणि शेजारी

वास्तू वारसा यादीत आहे का हे महापालिकेत किंवा नगरपालिकेत आधी विचारा. असेल तर तिच्या श्रेणीनुसार काय करता येईल ते ठरते. सागवान दुसऱ्या गावी न्यायचे असेल तर वनविभागाच्या जवळच्या कार्यालयात वाहतुकीबद्दल चौकशी करा. घर उभे असतानाचे फोटो, मिळकतीचा उतारा आणि तुमची यादी सोबत न्या, म्हणजे लाकूड कुठून आले हा प्रश्न उरत नाही.

राडारोड्याचे नियमही तुमच्या घराला लागू होऊ शकतात. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टन राडारोडा निघणार असेल तर काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-गिलावा असे चार भाग वेगळे ठेवायचे आणि काम सुरू होण्याआधी स्थानिक संस्थेकडून आराखडा मंजूर करून घ्यायचा, असे बंधन आले. वीस टन ऐकायला मोठे वाटते. दहा बाय दहा फुटांची नऊ इंची विटांची एक भिंत जवळपास ४ टनांची असते. म्हणजे अशा पाच भिंती एका दिवसात पडल्या की झाले! २०२५ मध्ये नवे नियम अधिसूचित झाले, त्यांच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख दिलेली आहे, आणि त्यांत २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांवर राडारोड्याची वाढीव जबाबदारी टाकलेली आहे.

पेठांमधल्या घरांत सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे सामाईक भिंत. तुमची तुळई काढली की शेजाऱ्याच्या भिंतीचा आधार जाऊ शकतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून ती भिंत तपासून घ्या, शेजाऱ्यांना बरोबर घेऊन तिच्यावरच्या सध्याच्या भेगांचे तारखेसह फोटो काढा, टेकू कुठे लागतील ते आधी ठरवा. हा खर्च वाचवू नका.

तिसरे काम: करार

ठेकेदाराला घर एकरकमी विकू नका. दोन हिशेब वेगळे ठेवा: उतरवण्याची मजुरी तुम्ही द्याल आणि यादीतले साहित्य तुमचे राहील. उरलेले भंगार त्याने घ्यावे, त्याचा भाव वजनावर ठरवावा. तुम्हाला सगळे साहित्य नको असेल तर यादीत 'आपण ठेवणार', 'विकणार' आणि 'ठेकेदार नेणार' असे तीन रकाने करा आणि प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्या.

करारात आणखी चार गोष्टी स्पष्ट हव्यात. वरच्या मजल्यापासून जोत्यापर्यंत काम हाताने होईल आणि यंत्र फक्त पायासाठी येईल. यादीतला नग तुटला तर किती कपात होईल. मजुरांना हेल्मेट, बूट, दोर आणि विमा असेल. राडारोडा कुठे टाकला त्याच्या पावत्या मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता दिला जाणार नाही. पुण्यात वाघोलीला महापालिकेचा राडारोडा प्रक्रिया प्रकल्प आहे, मुंबईत महापालिकेची 'डेब्रिज ऑन कॉल' सेवा आहे. तुमच्या शहरातली अधिकृत जागा नावानिशी करारात लिहा.

हाताने उतरवायला वेळ लागतो. यंत्राने दोन-चार दिवसांत होणारे काम काही आठवड्यांवर जाते आणि मजुरी वाढते. चांगला साग, घडीव दगड आणि कौले यांची किंमत ती मजुरी बहुतेक वेळा भरून काढते. सिमेंटमधल्या विटा कधीच भरून काढत नाहीत. म्हणून सगळेच वाचवायचा हट्ट धरू नका. जिथे जीव आहे तिथे मजुरी घाला.

चौथे काम: उतरवण्याचा क्रम

वीज आणि पाणी पूर्ण तोडा. त्यानंतर धोक्याच्या वस्तू काढा, बाकी कशालाही हात लावण्याआधी. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असते असे धरूनच चाला. पत्रे ओले करा, बोल्ट कापून अख्खे उतरवा, फोडू नका, त्यांना ग्राइंडर लावू नका. तोंडाला बांधलेला रुमाल तिथे उपयोगाचा नाही, बारीक धूळ अडवणारा मास्क हवा. तुटके पत्रे भरावात घालू नका, पालिकेच्या सूचनेप्रमाणे वेगळे द्या.

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असते. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आली, त्याआधीच्या थरांचा भरवसा नाही. दारे-खिडक्यांचा रंग कोरडा घासू नका, ओला करून खरवडा आणि निघालेली ढलपी गोळा करा. रंगवलेल्या लाकडाचे तुकडे बंबात किंवा चुलीत अजिबात घालू नका. ते शिसे धुरातून घरातल्या मुलांच्या अंगात जाते.

मग कौले, रिपा, वासे, कैची, पटई (कड्यांवरच्या फळ्या), कड्या, तुळया, खांब आणि शेवटी भिंती. कडीपाटावरचा मातीचा भराव आधी उतरवून घ्या. त्याचे वजन अंगावर असताना खालच्या कड्या सोडवणे जिवावर बेतते. जुन्या सांगाड्याचे सांधे कुसवाचे, म्हणजे एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवलेले असतात आणि लाकडी खुंटीने अडकवलेले असतात. आधी खुंटी काढा, मग टेकू देऊन सांधा उचला. घाईत पहार घातली की कुसू तुटते आणि दोनशे वर्षे टिकलेला खांब दीड फुटाने आखूड होतो.

पाचवे काम: तपासणी आणि उपचार

सागापासून सुरुवात करू. हातोडीने ठोका: भरीव आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत पोकळी आहे. स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा, विशेषतः टोके आणि भिंतीला लागलेली बाजू. वाळवीच्या मातीच्या नळ्या, किड्यांची बारीक भोके, ताजी भुकटी दिसली तर तो नग बाजूला. जुना साग पूर्ण वाळलेला असतो, त्यामुळे नव्या लाकडासारखा पिळत नाही, आणि हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. पण त्याच्यात खिळे दडलेले असतात. करवतीवर नेण्याआधी सगळे खिळे कटावणीने काढा आणि लोखंड शोधणारे यंत्र फिरवून घ्या. एका खिळ्याने पाते जाते आणि गिरणीवाला पुढचे लाकूड घेत नाही. वाळवीसाठी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणाचे हात देता येतात, पण ते पावसात धुऊन जाते, म्हणून हा उपाय घराच्या आतल्या लाकडालाच. खांब पुन्हा उभे करताना जुने तळखडे, म्हणजे खांबांखालचे दगड, टाकून देऊ नका. खांब जमिनीपासून उचललेला राहावा हेच त्यांचे काम आहे.

वजन पेलणाऱ्या जागी जुनी तुळई घालायची असेल तर इंजिनिअरने ती नगानग बघितलीच पाहिजे. जिथे शंका आहे तिथे तिच्या पायऱ्या, चौकटी, फळ्या करा.

काळा घडीव दगड जवळजवळ अमर आहे. माती किंवा चुन्यातून सुटतोही स्वच्छ. दगड पुन्हा वापरा, जुनी बांधणी मात्र डोळे झाकून उचलू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जाड दगडी भिंतींनीच माणसे गाडली: आतून-बाहेरून दोन थर, मधे चिखल आणि गोटे, दोन्ही थरांना बांधणारा दगड नाही. नव्या भिंतीत उंचीत दर दोन फुटांनी आणि लांबीत दर चार फुटांनी भिंतीच्या आरपार जाणारा दगड घ्या, आणि जोत्याशी, दारे-खिडक्यांवरच्या लिंटलशी व छताशी काँक्रीटचा पट्टा फिरवा. जुन्या घरातले लांब दगड यासाठीच वेगळे काढून ठेवा. गवंडी ते फोडून खांडक्या करायच्या आत त्यांच्यावर रंगाची खूण करा. कोकणातला चिरा चुन्या-मातीतला असेल तर सहज सुटतो, कडा तासून पुन्हा बसतो. सिमेंटमध्ये बांधलेला असेल तर कुंपणाच्या गडग्याला नाहीतर भरावाला.

विटांचे गणित त्यांना जोडणाऱ्या मसाल्यावर आहे. चुन्यात बांधलेल्या विटा करणीच्या दांड्याने साफ होतात. सिमेंटचा मसाला विटेहून कठीण असतो, तो सोडवताना वीटच फुटते. साफ झालेल्या विटांतल्या दहा-बारा विटा उचलून तपासा. दोन विटा एकमेकींवर आपटून खणखणीत आवाज यावा, नखाचा ओरखडा उठू नये. कोरडी वीट तोला, २४ तास पाण्यात ठेवा, पुन्हा तोला: वजन एक-पंचमांशाहून जास्त वाढले तर ती बाहेरच्या भिंतीला नको. जमिनीलगतच्या थरांतल्या विटांना लोणा (क्षार) लागलेला असतो, पांढरी पूड दिसते. त्या कितीही भक्कम वाटल्या तरी नव्या भिंतीत नेऊ नका, लोणा त्यांच्याबरोबर येतो. जुन्या विटांची मापे आजच्या विटांशी जुळत नाहीत, म्हणून एक अख्खी भिंत जुन्या विटांचीच करावी.

मंगलोरी कौलांची एक युक्ती सांगतो. कौलाच्या मागे कारखान्याची छाप असते. प्रत्येक कारखान्याचा साचा थोडा वेगळा, त्यामुळे दोन छापांची कौले एकमेकांत नीट बसत नाहीत आणि नेमके तिथेच गळते. उतरवतानाच छापांप्रमाणे ढीग लावा. तारेच्या नव्हे, कुंच्याच्या ब्रशने शेवाळ काढा, ठोकून चीर तपासा. शंभर चौरस फुटाला साधारण १५० कौले लागतात, त्यावर फुटीसाठी थोडी जास्त धरा. एकाच छापाची कौले पुढच्या बाजूच्या छपराला पुरवा, बाकीची मागच्या पडवीला.

शहाबादी फरशी झिजली असेल तर उलटा. खालची बाजू बहुतेक वेळा कोरी असते, कडा कापल्या की झाली नवी. रंगीत नक्षीच्या सिमेंट टाइल्स, मुंबई-गोव्याच्या जुन्या घरांत असतात तशा, एका कोपऱ्यातली एक टाइल बळी देऊन सुरू करा आणि पुढच्या टाइल्स बाजूने पातळ छिन्नी घालून सोडवा. बिडाचे कठडे ठोकू नका, बीड लवचीक नसते, तडकते. ते बोल्ट कापूनच काढायचे.

काँक्रीटमधून निघालेली सळई सरळ करून पुन्हा स्लॅबमध्ये घालायची नाही. वाकवून-ताणून तिची ताकद गेलेली असते आणि गंज किती खोल गेला ते दिसत नाही. ती भंगारात द्या. जालन्यासारख्या ठिकाणच्या भट्ट्यांत वितळून तिची नवी सळई होते. पीओपी आणि जिप्समचे तुकडे मात्र राडारोड्यात मिसळू देऊ नका, त्यांतले सल्फेट काँक्रीटला खाते.

सहावे काम: साठवण

जागा नसल्यामुळे जितके साहित्य वाया जाते तितके दुसऱ्या कशाने जात नाही. लाकूड जमिनीपासून फूटभर वर, दोन थरांत पट्ट्या घालून, वरून पत्रा आणि बाजूंनी वारा. प्लास्टिकने गच्च गुंडाळले की आत घाम धरतो. कौले उभी रचा. प्लॉटवर जागा नसेल तर गावाकडचा गोठा, नातेवाइकांचे शेत, भाड्याची शेड बघा आणि हे पाडकाम सुरू होण्याआधी ठरवा. पावसाळ्यात काम काढू नका. दिवाळीनंतर उतरवायला घेतले तर उन्हाळ्याआधी सगळे कोरडे आत जाते.

सातवे काम: यादीवरून आराखडा

इथे वास्तुविशारदाशी भांडावे लागले तरी भांडा. नेहमीची पद्धत अशी की घर आधी कागदावर ठरते आणि मग जुने दार 'कुठेतरी बसवू' म्हणून वर्षभर भिंतीला टेकून उभे राहते. त्याऐवजी यादी त्यांच्या हातात द्या. सहा तुळया साडेदहा फुटांच्या आहेत, तर व्हरांड्याचा गाळा नऊ फुटांचा होऊ शकतो. मोठे दार सहा फूट उंच आहे, तर जुनी चौकट वाढवायची की ते आतल्या खोलीला द्यायचे, हे भिंत उभी राहण्याआधी ठरते. खिडक्यांची मापे जुन्या खिडक्यांवरूनच घ्या.

नवे बांधकामही पुढे कधीतरी सोडवता यावे असे करा: कैची खिळ्यांऐवजी बोल्टची, जुन्या विटांची भिंत चुन्यात, नळ आणि वायरींचे पाइप भिंतीत गाडण्याऐवजी बाहेरून. कोणता नग कुठे बसला ते यादीत लिहून तिची प्रत मिळकतीच्या कागदांत ठेवा.

आरसीसी सोसायटीचा पुनर्विकास

इथे सागाचे खांब नसतात, पण ॲल्युमिनियमच्या खिडक्या, ग्रिल, कडाप्पा आणि ग्रॅनाइटचे ओटे, दारे, पंखे, सिंक, पाण्याच्या टाक्या असतात. ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा घडवायला खनिजापासून करण्याच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते, म्हणून ते राडारोड्यात एक किलोही जाऊ नये. सभासद घरे रिकामी करतात आणि पाडकाम सुरू होते, या मधल्या काळातच हे सगळे निघू शकते. त्या काळाची तारीख, जबाबदार समिती आणि चावी कोणाकडे राहील हे विकास करारात लिहून घ्या. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ खालच्या पुनर्विकासाच्या प्रक्रियेत सर्वसाधारण सभा आणि निविदा असतातच. निविदेतच विकासकाला तीन गोष्टी विचारा: काढून ठेवायच्या साहित्याची यादी, राडारोडा कुठल्या प्रकल्पात जाणार, आणि नव्या इमारतीत पुनर्प्रक्रिया केलेले साहित्य किती येणार.

तिसऱ्या प्रश्नाला "ताकद कमी होते" असे उत्तर आले तर त्यांना आयएस ३८३:२०१६ दाखवा. हे भारतीय मानक जुन्या काँक्रीटपासून केलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, एम-२५ (काँक्रीटच्या ताकदीची श्रेणी) पर्यंतच्या आरसीसीमध्ये २० टक्के आणि एम-१५ च्या खालच्या भरावाच्या काँक्रीटमध्ये १०० टक्क्यांपर्यंत वापरू देते. खांब-बीममध्ये वापरायला इंजिनिअर तयार नसला तरी पीसीसी (सळईशिवायचे साधे काँक्रीट), आवारातले पेव्हर ब्लॉक, कुंपणाची भिंत आणि अंतर्गत रस्त्याचा भराव यांत काहीच अडचण नाही. विटा-गिलाव्याची मिश्र खडी मात्र भरावाच्या हलक्या काँक्रीटपुरतीच, ती आरसीसीत चालत नाही. दर महिन्याच्या बैठकीत विकासकाकडून ट्रकच्या पावत्या घ्या, वजन आणि अंदाजे निघालेला राडारोडा जुळतो का ते बघा. न जुळणारे ट्रक कुठे गेले ते त्याच बैठकीत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवा.